ईश्वराचे शील आणि एका मुलाचे प्रायश्चित्त

पेशवाई बुडून अजून तेरा वर्षे पुरी व्हावयाची होती, तेव्हा, म्हणजे १८३१ च्या फेब्रुवारी महिन्यात, मुंबईत लागोपाठ सहा संध्याकाळी एक वाद रंगला. एका बाजूस दोनच वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून येऊन मराठीत व्याख्यान देण्याइतकी भाषा आत्मसात केलेला जॉन विल्सन हा तरुण पाद्री आणि दुसऱ्या बाजूस मोरभट दांडेकर हे शास्त्राधीत ब्राह्मण, असा तो सामना होता. शास्त्रार्थ ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती; पैठणास, काशीस, पुण्याच्या रमण्यात पिढ्यानपिढ्या ते होत आले होते. परंतु ज्या वादात एक पक्ष श्रुतीचे प्रामाण्यच मानीत नाही, जेथे निकाल देणारा राजा नाही आणि जेथे हरणाऱ्याचे दक्षिणेवाचून दुसरे पुष्कळ काही जावयाचे आहे, असा वाद मात्र नवाच होता.

वादाचा रोख कोठे होता हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढच्या साठ वर्षांच्या हकिकतीचे बीज तेथेच पडले. द्वैत की अद्वैत, माया सत् की असत्, या प्रश्नांत विल्सनसाहेबांना फारसा रस नव्हता. त्यांनी बोट ठेवले ते देवांच्या चरित्रावर. गोकुळातील लीला, इंद्र आणि अहल्या यांची कथा, ब्रह्मदेवाचे पुराणप्रसिद्ध प्रमाद ही सगळी जंत्री मांडून ते विचारीत, की जो स्वतः नीतीचा भंग करतो तो नीतीचा आज्ञापक कसा? मोरभटांचे उत्तर परंपरेला धरून होते: ईश्वराने मनुष्याला घालून दिलेली मर्यादा ईश्वराला लागू होत नाही, आणि त्याच्या लीलेला मनुष्याच्या पापपुण्याचे माप लावणे हाच मुळी प्रमाद होय. दोन्ही पक्ष पुढे छापखान्याकडे वळले. मोरभटांचा ‘हिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ निघाला, त्याचे खंडन विल्सनांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केले, साताऱ्याहून नारायणराव या गृहस्थांनी प्रत्युत्तर दिले आणि १८३४ मध्ये विल्सनांचे दुसरे खंडन बाहेर पडले.

आता या प्रश्नाविषयी एक गोष्ट वादाच्या गदारोळात मागे पडली. भागवताच्या दशम स्कंधात रासक्रीडेचे वर्णन संपताच परीक्षित राजा शुकाचार्यांना नेमके हेच विचारतो, की धर्माच्या संस्थापनेसाठी अवतरलेल्याने परदारांविषयी असे वर्तन कसे केले? शुकाचार्य सांगतात की तेजस्वी पुरुषांना दोष लागत नाही, अग्नी सर्व काही भक्षण करूनही जसा अपवित्र होत नाही तसे हे आहे. मात्र इतरांनी त्यांचे अनुकरण मनानेसुद्धा करू नये, थोरांची आज्ञा पाळावी, सर्वच आचरण उचलू नये. म्हणजे स्कॉटलंडच्या पाद्र्याला सुचलेली शंका आपल्याच पुराणकाराला शेकडो वर्षे आधी सुचली होती आणि त्याने ती श्रोत्याच्या तोंडी घालून तिचे समाधानही करून ठेवले होते. ते समाधान पुरेसे आहे की नाही हा प्रश्न निराळा; पण हिंदू मनाला ही शंकाच कधी शिवली नव्हती, असे जे त्या काळच्या मिशनऱ्यांच्या लेखनातून सूचित होते, ते खरे नव्हे.

विल्सन ज्या परंपरेतून आले होते ती या बाबतीत विशेष कडक होती. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन घरांत मूल वाचू लागले की त्याच्या हाती वेस्टमिन्स्टरची लघुप्रश्नोत्तरावली पडे. १६४७ मध्ये सिद्ध झालेल्या या पुस्तिकेत एकशे सात प्रश्न आहेत. त्यांतील चौथा प्रश्न ईश्वर म्हणजे काय असा असून त्याच्या उत्तरात अनंतत्व आणि सामर्थ्य यांच्या बरोबरीने पावित्र्य, न्याय, चांगुलपणा आणि सत्य ही ईश्वराची लक्षणे म्हणून सांगितली आहेत. पुढे चाळीसेक प्रश्न एकट्या दशाज्ञांच्या विवरणाला वाहिलेले आहेत. या शिकवणुकीप्रमाणे दैवी आज्ञा हा राजाचे लहरी फर्मान नव्हे; ईश्वराचे जे शील तेच आज्ञारूपाने प्रगट झालेले असते, आणि म्हणून आज्ञा मोडणे म्हणजे ईश्वराच्या स्वभावाशीच वैर करणे होय. मनुष्य ती आज्ञा पूर्णपणे पाळू शकत नाही, तेव्हा आज्ञेचे पहिले कार्य त्याला त्याचे पाप दाखविणे, आणि ख्रिस्ताच्या कृपेने तो एकदा तरला म्हणजे तीच आज्ञा त्याच्या नव्या शीलाचा नकाशा होते. सोळाव्या शतकातील जॉन कॅल्विनने या शेवटच्या उपयोगावर विशेष भर दिला होता आणि स्कॉटलंडचा सारा धर्मव्यवहार त्या पायावर उभा होता.

परंतु ख्रिस्ती धर्मविचाराची ही एकच वाट आहे असे नाही. ईश्वर जे सांगतो ते चांगले आहे म्हणून तो सांगतो, की तो सांगतो म्हणून ते चांगले, हा पेच प्लेटोपासून चालत आलेला आहे आणि मध्ययुगात ओकमचा विल्यम याच्यासारख्या पंडितांनी ईश्वराच्या इच्छेलाच सर्वश्रेष्ठ मानून दुसऱ्या बाजूला पुष्कळ वजन टाकले होते. अब्राहामाला स्वतःच्या मुलाचा बळी देण्याची आज्ञा होते, इस्राएल लोक मिसर देशातून निघताना शेजाऱ्यांची सोन्यारुप्याची भांडी मागून घेऊन जातात, कनानी नगरांचा निर्दाळ केला जातो. या कथांचे समर्थन करताना ख्रिस्ती टीकाकारही बहुधा असेच म्हणत आले, की जीवन देणाऱ्याला ते घेण्याचा अधिकार आहे आणि मनुष्याचा नियम त्याला बांधीत नाही. मोरभट तरी याहून निराळे काय म्हणत होते? जुन्या करारातील या जागा आमच्या शास्त्र्यांच्या ध्यानात यावयास वेळ लागला नाही. विल्सनांनी आणलेला मापदंड दुधारी निघाला.

हे सारे घडून येण्याची कारणे राज्यव्यवस्थेत होती. १८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री मुंबईस उतरले आणि १८२६ पर्यंत त्यांनी संपूर्ण नवा करार मराठीत छापून काढला. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. पेशवाईत ब्रह्मसभेने दिलेल्या धर्मनिर्णयामागे सरकारचा हात असे: बहिष्कार घालावयाचा, प्रायश्चित्त द्यावयाचे, दंड वसूल करावयाचा, तर हुजुरातून आज्ञापत्र निघे आणि मामलेदार ते अंमलात आणी. इंग्रजी अंमलात शास्त्र्यांची विद्वत्ता राहिली, दक्षिणाही काही काळ राहिली, परंतु निर्णयामागचा शिपाई गेला. आज्ञा उरली आणि तिची बजावणी जातीच्या पंगतीपुरती राहिली. अशा वेळी ज्याला इंग्रजी विद्या हवी त्या मध्यमवर्गाला मिशनऱ्यांच्या शाळेचा दरवाजा सर्वांत जवळचा होता, आणि विल्सनांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेत ब्राह्मण, प्रभू, पारशी सगळ्यांची मुले जाऊ लागली.

पहिला धक्का पारशांना बसला. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, शाळेतील मुले भराभर काढून घेण्यात आली आणि धनजीभाईंना मिशनच्या ताब्यातून सोडविण्यासाठी सुप्रीम कोर्टात अर्ज झाला. कोर्टाने मुलाला स्वतःचे बरेवाईट कळते असे पाहून त्याला वाटेल तेथे जाण्याची मोकळीक दिली. मिशनऱ्यांना हा विवेकस्वातंत्र्याचा विजय वाटला. चारच वर्षांनी त्याच कोर्टाने त्यांना दुसरा धडा शिकविला.

१८४३ हे साल या हकिकतीचा मध्य होय. त्या वर्षीच्या मे महिन्यात एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून चारशे चौऱ्याहत्तर धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. भांडण होते ते जमीनदाराने नेमलेला पाद्री मंडळीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर लादता येईल की काय, आणि दिवाणी न्यायालयाला चर्चच्या आत्मिक व्यवहारात हुकूम सोडण्याचा अधिकार आहे की काय, याविषयीचे. बाहेर पडलेल्यांनी घरे सोडली, पगार सोडले, पण ख्रिस्ताच्या मंडळीवर ख्रिस्तावाचून दुसऱ्या कोणाचा कायदा चालणार नाही हे तत्त्व सोडले नाही. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी या पक्षाला मिळाले. विल्सन त्या वेळी रजेवर होते. मुंबईचा भार रॉबर्ट नेस्बिट आणि मरे मिचेल यांच्यावर होता. मिशनच्या मिळकतीवर जुन्या चर्चचा हक्क होता, तेव्हा ज्या विद्यालयासाठी कष्ट केले त्याचे छप्परही आपले राहील याची त्यांना शाश्वती नव्हती.

अशा मनःस्थितीत असता त्याच सप्टेंबरात नेस्बिटांनी आपला विद्यार्थी नारायण शेषाद्री याला बाप्तिस्मा दिला. नारायण दक्षिणी ब्राह्मण, वीस-बावीस वर्षांचा, जाणता. त्याच्यावर दावा चालण्यासारखा नव्हता. पण त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा, हाही थोरल्याच्या मागे नेस्बिटांच्या घरी येऊन राहिला, आणि त्याच्यासाठी बापाने कोर्टाची पायरी चढली. खटला सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर चालला. मुलगा परत जाण्यास राजी नव्हता. मिशनरी म्हणत की त्याच्या मनात काय आहे ते विचारा. पेरीसाहेबांनी निर्णय दिला तो असा, की अज्ञान मुलाचा ताबा बापाचा; मुलाची इच्छा काय आहे हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. श्रीपत बापाच्या स्वाधीन झाला.

त्या एका मुलाच्या अंगावर तीन कायदे एकाच वेळी हक्क सांगत होते. इंग्रजी कायदा त्याला बापाची ठेव समजत होता. फ्री चर्चचे लोक, ज्यांनी नुकतेच आपल्या देशात दिवाणी न्यायासनाचा हात विवेकापर्यंत पोहोचू देणार नाही म्हणून सर्वस्व पणाला लावले होते, ते येथे त्याच न्यायासनापुढे मुलाच्या विवेकाची दाद मागत होते आणि ती त्यांना मिळाली नाही. आणि ब्राह्मण समाज, ज्याने म्लेच्छांच्या न्यायालयातून आपला मुलगा जिंकून आणला, त्याला मुलगा घरात घेता येत नव्हता. कारण न्यायाधीशाच्या हुकुमाने ताबा मिळतो, शुद्धी मिळत नाही. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, परंतु ख्रिस्त्यांच्या घरी त्याचे अन्नोदक झाले होते, आणि तेवढ्याने शास्त्राच्या दृष्टीने तो गेला की राहिला हा वाद पेटला.

येथे बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे, एल्फिन्स्टन विद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकविणारे हे पंडित त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचे म्हणणे सरळ होते: अजाण मुलाला प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावे. शास्त्रात याला आधार नाही असे नव्हते. म्लेच्छांनी बलात्काराने भ्रष्ट केलेल्यांना परत घेण्याचे विधी देवलस्मृतीत सविस्तर सांगितलेले आहेत. आणि शास्त्र दूर ठेवले तरी मुसलमान झालेल्या नेताजी पालकराला शिवछत्रपतींनी १६७६ मध्ये स्वधर्मात घेतल्याचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात होते. तरीही मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि बाळशास्त्र्यांना सनातन्यांचा रोष पुरेपूर सोसावा लागला. विरोध करणाऱ्यांना केवळ दुराग्रही म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यांची भीती अशी होती की शाळेत जाणारे प्रत्येक मूल उद्या परक्याच्या ताटात जेवेल आणि परवा प्रायश्चित्त घेऊन येईल, मग आचाराचा बांध राहतो कोठे? ज्याच्यामागे राजदंड उरलेला नाही असा धर्म आपली आज्ञा टिकविण्यासाठी ती अधिकच कठोर करतो, हे जगात अन्यत्रही दिसून आलेले आहे. बाळशास्त्री १८४६ च्या मे महिन्यात, ऐन उमेदीत, वारले.

शास्त्र्यांचा वाद ज्या प्रश्नाभोवती घोटाळत होता त्याकडे आता तरुण सुशिक्षित निराळ्या नजरेने पाहू लागले. दादोबा पांडुरंगांनी याच सुमारास ‘धर्मविवेचन’ लिहिले, जे पुढे १८६८ मध्ये छापले गेले. १८४९ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने निघालेल्या परमहंस सभेत सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खावा लागे. म्हणजे श्रीपतच्या ज्या दोषासाठी समाज दुभंगला तो दोष या मंडळींनी दीक्षेचा विधी करून टाकला! मात्र दारे लावून. सभेचे कागद १८६० मध्ये चोरीस गेले, नावे फुटणार अशी आवई उठताच सभा विरघळली, आणि शीलाची परीक्षा घेणाऱ्यांची त्या दिवशी चांगलीच परीक्षा झाली. या सभेत वावरलेल्या बाबा पदमनजींनी मात्र अर्धवट वाट नाकारली आणि १८५४ च्या सप्टेंबरात बेळगावी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या लेखणीतून तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ उतरले, ज्यात विधवांच्या दुःखाची कहाणी शास्त्राज्ञेविरुद्ध साक्ष म्हणून उभी केलेली आहे.

काशीस राहणाऱ्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. या चित्पावन पंडिताने विशीत असताना ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला; त्यातील एक मर्मभेदी आक्षेप असा, की चार दिवसांच्या पापासाठी अनंतकाळचा नरक देणारा ईश्वर न्यायी कसा म्हणावा, त्यापेक्षा केलेल्या कर्माइतकेच फळ देणारा आमचा सिद्धांत न्यायाला अधिक धरून आहे. विल्सनांनी देवांच्या शीलावर केलेला हल्ला त्यांनी ख्रिस्ती ईश्वराच्या शीलावर उलटविला होता. हाच मनुष्य १८४८ च्या मार्चमध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला, आणि शाश्वत शिक्षेविषयीची शंका मात्र धर्मांतरानंतरही त्याला पुष्कळ काळ जाचत राहिली. आपल्याच पूर्वपक्षाने आयुष्यभर पाठ न सोडलेला असा प्रामाणिक पंडित विरळा.

सरकारनेही आपले पाऊल उचलले. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने जातीतून वा धर्मातून बाहेर पडलेल्याचा वारसाहक्क बुडणार नाही असे ठरविले आणि त्याविरुद्ध बंगाल व मद्रासकडील हिंदूंनी अर्ज केले ते सरकारने मानले नाहीत. आजवर बापाचा शाप, जातीचा बहिष्कार आणि वतनाचा नाश ही तिन्ही हत्यारे एकत्र चालत. आता तिसरे हिरावले गेले. परंतु कंपनीच्या अधिनियमाची सत्ता निजामाच्या सरहद्दीशी संपत असे. आमच्या बिलोली, देगलूर, उदगीर या बाजूला, जेथे सनद, इनाम आणि जागीर हे शब्द आजही जमिनीच्या बोलण्यात सहज येतात, तेथे दिवाणाची मर्जी आणि तालुकदाराचा शेरा हाच कायदा. धर्म बदलणाऱ्याला पाठीशी घालील असे कलम तेथे कोठून असणार?

आणि याच मुलखात नारायण शेषाद्री आले. १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती आणि १८६३ च्या सुमारास त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र ठरविले. जालन्यास फौजेची छावणी असल्यामुळे इंग्रजी संरक्षणाची सावली होती. पण ती छावणीच्या हद्दीपुरती. खेड्यापाड्यांत जे लोक त्यांच्याकडे वळले ते मोरभटांच्या वादाचे श्रोते नव्हते. ते बहुतेक मांग आणि महार होते, ज्यांना शास्त्राने आज्ञा पुष्कळ दिल्या होत्या आणि त्या आज्ञांचे ग्रंथ ऐकण्याचा अधिकार मात्र दिला नव्हता. गावात राहून त्यांना विहीर, काम आणि बलुते यांपैकी काहीच टिकविता येईना. म्हणून सर सालारजंगांच्या दिवाणगिरीत राज्याकडून जमीन मिळवून शेषाद्र्यांनी जालन्यापासून थोड्या अंतरावर बेथेल नावाची वसाहत वसविली. एका मुसलमान संस्थानाच्या दिवाणाने, एका ब्राह्मण पाद्र्याला, अस्पृश्यांच्या ख्रिस्ती गावासाठी जमीन द्यावी, हा योग आमच्या मराठवाड्याच्या इतिहासात फारसा उल्लेखिला जात नाही. तो उल्लेखिला जावयास हवा.

अशा वसाहतीत दैवी आज्ञा हा व्याख्यानाचा विषय राहत नाही. एक पत्नी असावी, दारू नसावी, मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नये, रविवारी नांगर धरू नये, मरीआईच्या गाड्याला वर्गणी देऊ नये, असे नियम मिशनच्या वस्त्यांत सर्वत्र असत. उमेदवाराला आधी प्रश्नोत्तरे तोंडपाठ म्हणून दाखवावी लागत आणि मग त्याची चालचलणूक काही काळ पाहिली जाई. एडिंबरोच्या पोराला पुस्तकातून मिळणारी ती चाळीस उत्तरे निरक्षर मांगाने ऐकून ऐकून मुखोद्गत करावयाची. टीकाकार म्हणत की हे पोटासाठीचे ख्रिस्ती. काहींच्या बाबतीत ते खरे असेलही. पण ज्याला गावाने चोर ठरवूनच जन्माला घातले त्याला, तुझे शील तू घडवू शकतोस आणि ईश्वर त्याचा हिशेब घेतो, असे कोणी प्रथमच गंभीरपणे सांगावे, याचा परिणाम पोटापुरता राहणे शक्य नव्हते. दुसऱ्या बाजूस हेही खरे, की गावच्या पाटलाच्या जागी आता मिशनचा पंच बसला आणि आज्ञा मोडणाऱ्याला मंडळीबाहेर ठेवण्याचा अधिकार त्याच्या हाती गेला. बहिष्काराचे हत्यार म्यानात गेले नाही. त्याने हात बदलला. शेषाद्री स्वतः पागोटे आणि देशी वेष न सोडता १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले आणि १८९१ मध्ये निवर्तले.

जालन्यातील आरंभानंतरची वीस वर्षे मागे टाकून आता इंग्लंडातील वाँटेज येथे यावे. १८८३ च्या सप्टेंबरात पंडिता रमाबाईंनी तेथे बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तेथील ख्रिस्ती भगिनीसंघाने त्यांना लंडनजवळ फुलम येथे आपले एक गृह दाखविले, जेथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आश्रय दिला जाई. अशा स्त्रीला शास्त्राने शिक्षा सांगितलेली रमाबाईंना ठाऊक होती. तिच्याशी कोणी ममतेने वागतो, हे त्यांनी प्रथमच पाहिले. कारण विचारता त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची भेट वाचून दाखविण्यात आली. पुष्कळ वर्षांनी आपली आत्मसाक्ष लिहिताना हा प्रसंग त्यांनी मुद्दाम नोंदविला. ईश्वराचे शील काय, हा विल्सनांचा प्रश्न होता. रमाबाईंना त्याचे उत्तर ग्रंथाच्या तुलनेतून न मिळता एका घराच्या व्यवहारातून मिळाले. परंतु उत्तर मिळाले म्हणून त्यांनी मान वाकविली नाही. त्रैक्य, चमत्कार, चर्चची मतसूत्रे यांविषयी त्या सिस्टर जेराल्डाइन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी १८८५ मध्ये निर्भीड पत्रव्यवहार करीत राहिल्या. ब्राह्मणी पुरोहितांच्या जुवाखालून निघून दुसऱ्या कोणाच्या जुवाखाली आपण जाणार नाही, असा त्यांचा आशय होता. ज्यांनी हिंदूंना विवेकाचा अधिकार शिकविला त्यांना आपल्या शिष्येने तो बजावलेला रुचला नाही.

महाराष्ट्राच्या सुशिक्षितांनी या सगळ्या घडामोडीतून घेतले काय? चर्च फारसे कोणी घेतले नाही. १८६७ च्या मार्चअखेर मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने मात्र अवतार, मूर्ती आणि पौराणिक चरित्रे बाजूस ठेवून पवित्र, न्यायी आणि दयाळू अशा एका ईश्वराची उपासना स्वीकारली आणि तिला तुकोबांच्या अभंगांची जोड दिली. विल्सनांनी आणलेला मापदंड या मंडळींनी ठेवून घेतला. ज्याने तो आणला त्याला नम्रपणे दाराशीच निरोप दिला. आमच्या मते त्या वादाचा खरा निकाल हाच.

तथापि घरच्या शास्त्राशी हिशेब राहिलाच होता, आणि तो १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये निघाला. व्याख्यानासाठी म्हणून बोलावलेल्या पाहुण्यांपुढे चहाबिस्किटे आली. रानडे, टिळक आणि पुण्यातील कितीतरी नामांकित गृहस्थ तेथे होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी ‘पुणेवैभवा’त नावांची यादी छापून टाकली. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, त्यांनी दोन शास्त्र्यांचे पंचमंडळ नेमले आणि साक्षीपुराव्यांचे गाडे हलले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांच्या लेखी चहा पिणे हे पाप नव्हते, तरी १८९२ मध्ये त्यांनीही प्रायश्चित्त घेतले, कारण त्यांच्याबरोबर बहिष्कारात सापडलेल्या मित्रांच्या घरी मुलीबाळींची लग्नकार्ये आणि वडीलधाऱ्यांची श्राद्धे अडून बसली होती. शास्त्राच्या आज्ञेवर विश्वास नसता ती पाळली, म्हणून सुधारकांनी त्यांना त्या वेळी जे बोल लावले, ते सनातन्यांच्या शिव्यांहून त्यांना अधिक लागले असावेत. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि आपल्या यजमानांची बाजू मांडताना त्यांनी शास्त्राचा आधार घेतलेला नाही, मित्रांच्या अडचणीचाच घेतला आहे.